गोकुळदास नावाड्याचा सिनेमा

इब्रामपूरच्या गोकुळदासाने आयुष्यात एकाच सिनेमात काम केले, आणि त्या सिनेमाचे नाव कुणी काढले की तो उठून चालू लागायचा.

तेव्हा तो ऐन पंचविशीत होता, दशावतारात राक्षसाची कामे करायचा. गावच्या नदीवर सिनेमावाले आले. गोष्ट मोठी गमतीची होती. एका राजाचा मुकुट हरवतो आणि तो शोधायला अख्खा दरबार रानावनातून मोहिमेवर निघतो. मुकुट असतो राजाच्याच डोक्यावर, पण ते सांगायची कुणाची छाती होत नाही! राजाला नदीपार नेणाऱ्या नावाड्याचे काम गोकुळदासाला मिळाले. वाक्य एकच: "महाराज, आपला विजय असो."

प्रत्यक्षात राजा तलवार उपसून होडीत उभा राहिला, होडी कलंडली आणि दोघेही पाण्यात पडले. राजा झालेल्या नटाला पोहता येत नव्हते. गोकुळदासाने त्याची दाढी धरली, ती हातात आली. मग मानगूट धरून तो जिवाच्या आकांताने ओरडला, "महाराजानू, पयले भायर येवा, राज्य मागीर करा!"

कॅमेरा चालूच होता. दिग्दर्शकाने ते तसेच ठेवले.

सिनेमा म्हापशाला लागला तेव्हा गोकुळदास मोठ्या हौसेने गावकऱ्यांना घेऊन गेला. पण हसावे की राजाला हात जोडावेत, तेच लोकांना कळेना. नावाडी पडद्यावर आला तसे मागून कुणीतरी म्हणाले, "ह्येच्यापेक्षा राक्षस बरो!" तेवढ्यावर मात्र सगळे हसले. मध्यंतरात थेटर ओस पडले. गोकुळदासाच्या ते जिव्हारी लागले. तो मुरगाव बंदरात नोकरीला गेला, तिकडेच लग्न केले, संसार केला आणि निवृत्त होऊन बायकोसह गावी परतला. बायकोला, प्रभावतीला, त्याने तो सिनेमा कधी दाखवला नाही.

दरम्यान, पडलेला सिनेमा मोबाइलवरून पोरांच्या हाती लागला आणि त्यांनी तो डोक्यावर घेतला. यंदा डिचोलीत काही तरुणांनी त्याचा खेळ ठेवला. पुतणी हर्षा ती बातमी घेऊन आली.

"माका नाय येवचा," गोकुळदास म्हणाला.

"मग रवा घरात," प्रभावती म्हणाली. "मी हर्षावांगडा जातंय."

शेवटी तो गेला, पण टोपी पुढे ओढून मागच्या रांगेत बसला.

पडद्यावर होडी दिसली. राजा उभा राहिला, पाण्यात पडला, आणि नावाडी तोंड उघडायच्या आधीच सारे सभागृह गरजले, "महाराजानू, पयले भायर येवा, राज्य मागीर करा!"

गोकुळदासाने टोपी आणखी खाली ओढली. एवढी वर्षे झाली, तरी टिंगल सुटत नाही! तो उठला. प्रभावतीने सदऱ्याला धरून त्याला खाली बसवले.

"बसा गप. माका दिसना नाय."

ती पदराने डोळे पुसत खदखदून हसत होती. पाण्यात हातपाय मारणाऱ्या त्या सडपातळ, कुरळ्या केसांच्या पोराकडे ती टक लावून बघत होती. लग्नाआधीचा नवरा तिला आज पहिल्यांदा दिसत होता.

हर्षाला राहवले नाही. हाच तो नावाडी, असे तिने शेजारच्याला सांगितले आणि मग काय, खेळ थांबवून लोक गोकुळदासाभोवती जमले. कुणी पाया पडले, कुणी फोटो काढले. एका मुलीने विचारले, "काका, ते वाक्य कोणी लिहिलेलं?"

"लिवता कोण?" तो म्हणाला. "मनीस बुडत होतो. आदी तेका भायर काढूचो, मुकुटाचा मगे बघता येता."

टाळ्या थांबेनात. त्याने हात जोडले.

परतताना बसमध्ये प्रभावतीने विचारले, "इतकी वर्सा लपयल्यात कित्याक?"

"लोक हसले म्हणान."

"अवो, हसण्यासाठीच केलेलो मरे तो सिनेमा!"

गोकुळदासाने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्याचे खांदे हलू लागले आणि तो एवढ्या मोठ्याने हसला, की कंडक्टरने वळून पाहिले.