बसवाल्याच्या गुडघ्याला कुठलं सीबीडी?

आन् औषधाचा दुकानदार उलट मलाच विचारतो, "कुठलं देऊ, मावशी?" अरे, दुकान तुझं का माझं?

आज लोणावळ्यात ह्यांच्या गुडघ्यासाठी पोटात घ्यायचं सीबीडी, म्हंजे भांगेच्या झाडातलं दुखणं कमी करायचं तेल आणायला गेलते. वैद्यांनी चिठ्ठीत प्रकारच लिहिला न्हाई. दुकानदारानं तीन बाटल्या मांडल्या. एकीत भांगेच्या झाडातलं सगळं, दुसरीत नशेचा अंश काढलेला, तिसरीत निव्वळ सीबीडी. हे कंपनीची बस चालवतात. तपासणीत नशा निघाली तर नोकरी जाईल. तशीच परतले.

येताना आई लय आठवली. माहेरी बेडशाला ती निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून आबांच्या, माझ्या वडलांच्या, गुडघ्याला बांधायची. आबा म्हणायचे, "पाल्याचं काय गं, तुझा हात लागला की बरं वाटतं."

आई म्हणायची, "मग उठा, म्हशीला पाणी दावा!"

ग्रुपात डॉक्टर, नर्स कोण असाल, बस चालवणाऱ्याला यातलं कुठलं चालतं? ह्यांची रजा रविवारी संपतीय. शनिवारपर्यंत उत्तर पायजे.