रानाला पाठ झालेली हजेरी

आष्टीच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन मी उभी होते, तेव्हा दिलीपचा फोन आला. दिलीप भिवखेडीचा. त्याची मुलगी गौरी माझ्या वर्गात आहे. एरवी तो फोनवर एवढ्या मोठ्याने बोलतो की फोन कानापासून लांब धरावा लागतो. त्या संध्याकाळी मला तो कानाला दाबून धरावा लागला. “मॅडम, काकू गेल्या,” तो म्हणाला. “नाल्यापाशी. दगडावर बसल्या बसल्या.” माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, “मुलं?” तो म्हणाला, “पोट्टे पोचले घरी. सगळे पोचले.” मग मी तिथेच भाजीवालीच्या पोत्यावर बसले. बाजार चालूच होता... कोणीतरी टोमॅटोचा भाव ओरडत होतं, आणि मला वाटत होतं की सगळा आवाज काचेपलीकडून येतो आहे.

निर्मलाकाकूंना जाऊन आता काही आठवडे झाले. त्यांचं भिवखेडीत शाळेच्या अगदी समोर किराण्याचं दुकान. नवरा कधीच वारलेला, मुलगा आणि सून बुटीबोरीच्या कारखान्यात, आणि नात श्रेया आजीजवळ. नातीच्या पालक म्हणून काकू शाळा व्यवस्थापन समितीवर आल्या आणि अध्यक्ष झाल्या. खरं सांगायचं तर त्या अध्यक्ष झाल्या याचं कारण एवढंच की दुकान समोर होतं आणि सही लवकर मिळायची. समितीचा शिक्का त्यांनी गोळ्यांच्या बरणीत ठेवलेला असायचा, म्हणून कागदावर कधीकधी साखरेचे कण चिकटून यायचे. आमच्याकडे पालक समित्या बहुधा अशाच चालतात. मास्तर कागद करतात, पालक सही करतात, चहा होतो.

काकूंचं हे न वाचता सही करणं एका दिवसात थांबलं. पट कमी झाला म्हणून भिवखेडीची शाळा आमच्या शाळेत सामावून घ्यायचं ठरलं. आमचं गाव तळेगावच्या रस्त्यावर, मोठं. मधे सागाचं रान आणि एक नाला. मुलांचे दाखले समजून घ्यायला मुख्याध्यापकांनी मला पाठवलं होतं, म्हणून त्या बैठकीला मी हजर होते. तालुक्याच्या शिक्षण विभागातल्या साहेबांनी तयार ठराव आणला होता. काकूंनी शिक्का बाहेर काढला नाही. “वाचून दाखवा,” म्हणाल्या. साहेबांनी वाचलं, ‘सर्व पालकांची या समायोजनास संमती आहे.’

“कोणाची?”

“पालकांची.”

“आमाले त कोनंच इचारलं नाई. मंग हे लिवलं कोनं?”

साहेब वाईट माणूस नव्हते. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, “काकू, हे वरचं धोरण आहे.”

“धोरन करनाऱ्याईले पोट्टे असतीन ना? ते या रस्त्यानं जातीन का पायी?”

सही झाली नाही. पण शिक्षकाची बदली झाली, त्याच्या जागी कोणी आलं नाही. शिक्षक नसलेली शाळा कोणाला बंद करावी लागत नाही, ती आपली आपण मिटत जाते. पावसाळा सरता सरता भिवखेडीची मुलं आमच्याकडे यायला लागली, आणि त्यांच्या पुढे काकू. सकाळी दुकानाला कुलूप, मुलांना शाळेत सोडायचं, परत जायचं, दुपारी पुन्हा नाल्यापर्यंत येऊन घ्यायचं. मधल्या सुट्टीत कधी त्या थांबल्या की मला शिक्षण हक्काचा कायदा वाचायला लावायच्या. समितीत पालकच जास्त असावेत, शाळेच्या विकासाचा आराखडा त्यांनी करावा, लहान मुलांची शाळा घराजवळ असावी... मी वाचत जायचे आणि त्या सुपारी कातरल्यासारखं एकेक वाक्य तोडून घ्यायच्या. “म्हंजे दिल्लीवाल्याईनं आपल्याले बसाले जागा देल्ली हाये,” एकदा म्हणाल्या. “आपुनच खाली बसून राह्यलो.”

त्या हिवाळ्यात तो आला. भिवखेडीत अजूनही कोणी त्याचं नाव घेत नाही. ‘तो’ म्हणतात आणि बोट रानाकडेही करत नाहीत. आधी एक गाय गेली, मग नाल्याच्या वाळूत ठसे दिसले. काही घरांनी मुलं शाळेत पाठवणं थांबवलं. दिलीपने गौरीला सेलूला तिच्या मामाकडे ठेवलं. काकूंनी चालणं थांबवलं नाही. त्यांनी एक पद्धत पाडली. वाटेत तीन-चार ठिकाणी थांबायचं, मोठ्याने एकेकाचं नाव घ्यायचं आणि मुलाने ‘हजर’ म्हणायचं. त्यामुळे कोणी मागे राहत नाही, आणि आवाजाने तोही दूर राहतो, असं त्यांचं म्हणणं. जी मुलं येत नव्हती, त्यांचीही नावं त्या घ्यायच्या. मी एकदा विचारलं, ती तर आलेलीच नाहीत. तर म्हणाल्या, “नाव घेनं सोडलं ना मॅडम, त पोट्टी शाळेतून गेलीच समजा.”

“एक डाव चालून पाहा आमच्यासंगं,” असं त्या बरेच दिवस म्हणत होत्या. पौषातल्या एका सकाळी मी दिलीपच्या मोटारसायकलवरून भिवखेडीला गेले आणि मुलांबरोबर निघाले. धुकं एवढं होतं की पुढच्या मुलाचं दप्तर दिसायचं, मूल दिसायचं नाही. सागाच्या पानांवरून थेंब पडायचे, एवढाच आवाज. रान गाव सुटता सुटता बोलकं असतं, कोतवाल, सातभाई, लांबून मोर. नाल्याजवळ आलो आणि ते सगळं एकदम थांबलं. काकूही थांबल्या. त्यांनी नेहमीच्या आवाजात हजेरी सुरू केली. “श्रेया.” “हजर.” “ओम.” “हजर.” असं करत त्या म्हणाल्या, “गौरी.”

नाल्याच्या पलीकडून उत्तर आलं. “हजर.”

मी ते ऐकलं आहे. आवाज लहान होता, जरासा घोगरा, सर्दी झालेल्या मुलीसारखा. प्रतिध्वनी म्हणावा तर आमच्यातल्या कोणीच तो शब्द त्या क्षणी उच्चारला नव्हता. श्रेयाने माझं बोट पकडलं. एकही मूल रडलं नाही, हे मला अजून आठवतं... मुलं रडली असती तर बरं वाटलं असतं. काकूंनी उरलेली नावं घेतली, एकही न गाळता. मग हळूच म्हणाल्या, “चला. मांगं पाहू नका.”

शाळेत पोचल्यावर मी सेलूला फोन लावला. गौरी मामीजवळ बसून पोळी खात होती. काकू व्हरांड्यात पाणी पीत होत्या. मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी मान डोलावली, जणू त्यांना ते माहीतच होतं. “रोज ऐकून राह्यलं ना रान,” म्हणाल्या. “आपन रोज तेच तेच बोलतो. त्यालेही पाठ झालं.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाट्टे ना. काऊन नाई वाटनार? पन भेव पोट्ट्याईले दाखवून कसं चालन?”

दुसऱ्या दिवसापासून ‘हजर’ बंद झालं. सकाळी निघताना काकू दुकानाच्या ओट्यावर मुलांच्या कानात त्या दिवसाचा शब्द सांगायच्या. हजेरीला तोच शब्द म्हणायचा. कधी वांगं, कधी तूरडाळ, कधी बोरकूट. रानाला तो आधी कळता कामा नये. मुलांना त्याची एवढी गंमत वाटायला लागली की घरी बसवलेली मुलंही हळूहळू परत आली, आणि गौरीही सेलूहून आली. दिलीप अधूनमधून सोबत चालायला लागला. आमच्या शाळेतली मुलं भिवखेडीच्या मुलांना विचारायची, आज काय शब्द होता? ती सांगायची नाहीत.

संक्रांतीनंतर साहेब पुन्हा भिवखेडीला आले, त्यांच्याबरोबर जिल्ह्याचे एक मोठे साहेबही होते. पालकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं होतं. काकूंनी भाषण केलं नाही, पालकांनाही करू दिलं नाही. “म्हननं वाटेवर हाये,” म्हणाल्या. “गाडी राहू द्या अथी. पायी चला.” ऊन तिरपं झालं होतं. मलाही बोलावलं होतं. आम्ही सगळे निघालो, मोठे साहेब पुढे. त्यांच्या बुटांचे ठसे नाल्याच्या ओल्या वाळूत अगदी स्वच्छ उमटले, टाचेवरची नक्षीसुद्धा. पलीकडे थोडं जाऊन काकू म्हणाल्या, “बस झालं. आता मांगं.” परत नाल्यात उतरलो तेव्हा सगळे एका जागी खिळले. त्या बुटाच्या ठशांवर, त्याच दिशेने, दुसरे ठसे होते. रुंद, गोल, कडा अजून न ढासळलेल्या. तेवढ्या वेळात तो आमच्यामागून चालत आला होता.

मोठे साहेब त्या ठशांपाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, “माझी मुलगी तिसरीत आहे.” एवढंच. काकू म्हणाल्या, “माही नातही.” परतीच्या वाटेवर दोघं शेजारी शेजारी चालत होते. अहवाल वर गेला. वरून उत्तर यायला वेळ लागणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. काकूंनी मात्र दर आठवड्याला समितीची बैठक घ्यायला सुरुवात केली, बंद शाळेच्या वर्गात. पुरुष शेतात असायचे, म्हणून बाया यायच्या. पहिल्या बैठकीत त्या भिंतीला टेकून पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. काकू एकेकीला उठवायच्या. “तुह्या पोरीले काय पायजे ते तूच सांग. मी काऊन सांगू?”

फाल्गुनात पळस पेटला होता तेव्हाची ही गोष्ट. दुपारी मुलांना घ्यायला काकू नाल्यावर आल्या आणि नेहमीच्या दगडावर बसल्या. डॉक्टरांचं म्हणणं, हृदय थांबलं. त्रास झाला नसावा. मुलांना दिलीप आमच्या शाळेतून घेऊन येत होता. नंतर वनरक्षकाने पाहिलं, तर काकूंच्या समोर, नाल्याच्या दुसऱ्या काठावर, वाळलेलं गवत एका मोठ्या अंगाखाली दबलं होतं. तो तिथे बराच वेळ बसून होता, असं वनरक्षक म्हणाला. नाला त्याने ओलांडला नव्हता.

आता लिहिते आहे ते मला मुलांनी सांगितलं. एकेकट्याला विचारलं, सगळ्यांनी तेच सांगितलं, आणि दिलीपनेही नाही म्हटलं नाही. वळणाच्या अलीकडे, नाला दिसायच्या आधी, त्यांना काकूंची हजेरी ऐकू आली. नेहमीचाच आवाज, नेहमीचाच क्रम. त्या दिवसाचा शब्द कारलं होता. मुलांनी उत्तरं दिली. सगळ्यांची नावं झाली. मग ती पळत वळण ओलांडून गेली तर काकू दगडावर बसलेल्या, तोंड रानाकडे, आणि श्रेयाने हात धरला तर तो गार झालेला. डॉक्टर म्हणाले, त्यांना जाऊन तेव्हा तास-दीड तास तरी झाला असावा... मी गणित शिकवते. या गोष्टीचं उत्तर मी काढू पाहिलं आणि मग सोडून दिलं. श्रेयाला मी विचारलं होतं, तुला भीती वाटली का गं? ती म्हणाली, “तवा नाई वाटली. आजीच बलावून राह्यली होती ना.” मग तिने मलाच विचारलं, “आजीच होती ना, मॅडम?” मी तिला जवळ घेतलं. हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

वरून उत्तर आलं ते चैत्रात. भिवखेडीची शाळा पुन्हा सुरू करावी. तिथे जायला कोण तयार आहे म्हणून विचारलं, तेव्हा मी हात वर केला. वर्ग उघडला, जाळी काढली. बाया आल्या आणि शेणाने ओटा सारवून गेल्या. साहेब आदेश घेऊन आले म्हणून समितीची बैठक बोलावली. दुकान समोरच आहे, त्याला कुलूप आहे. श्रेया आता आईवडिलांकडे बुटीबोरीला गेली. वर्गात काकूंची खुर्ची वगैरे नव्हती. त्या नेहमी खिडकीखाली खालीच बसायच्या, सतरंजीवर, रानाकडे पाठ करून. बाया येत गेल्या, बसत गेल्या, आणि खिडकीखालची तेवढी जागा आपोआप रिकामी राहिली. दाटीवाटी होती तरी तिथे कोणाचा गुडघाही गेला नाही.

साहेबांनी आदेश वाचला. शाळा ‘पुढील आदेशापर्यंत’ सुरू राहील. पुढे ते आनंदाने काही बोलत होते, तेवढ्यात बाहेर वानर ओरडलं. एकदाच, खोकल्यासारखं, तो दिसला की ओरडतं तसं. साहेबांच्या लक्षात आलं नाही. पण वर्गातल्या सगळ्या बायांच्या माना एका क्षणात खिडकीकडे वळल्या. मैदानात मुलं खेळत होती. ओठ हलताना दिसले, प्रत्येकीचे. आपापल्या मुलाचं नव्हे, सगळ्या मुलांची नावं त्या मनात घेत होत्या, एका मागून एक, मला क्रमसुद्धा ओळखू आला. साहेबही मधेच थांबले, त्यांना काही कळेना. मग माना परत वळल्या.

साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला आणि उठायला लागले. गौरीची आई, जिचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता, तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“बसा साहेब,” ती म्हणाली. “पुढचा आदेश कोन काढनार हाये, ते सांगा. आमचं अजून झालं नाई.”

साहेब बसले.