गाडीला पाणसळ

माझं सासर केंदूर, माहेर कासुर्डी आणि पोट सणसवाडीत. तिथल्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. क्वालिटीला असणं म्हणजे दिवसभर लोकांना नाही म्हणणं. गेज लावायचं, लाल स्टिकर चिकटवायचा आणि ज्यानं माल बनवला त्याच्या तोंडाकडं बघायचं नाही. हे करून करून माझा स्वभाव असा झालाय की लग्नाच्या पंगतीत ताटातल्या जिलबीचे वेढेसुद्धा मी मोजते, असं नवरा सांगत फिरतो. उगाच काहीतरी बोलतो. मी फक्त आकार बघते.

गाडीचं खूळ त्याचंच. मोबाइलवर लोकांची चाकांवरची घरं बघून बघून त्यानं एक जुनी व्हॅन आणली. आधी ती कुरिअरवाल्यांकडं होती. उंच छताची, मागं एकही खिडकी नसलेली, आत नुसता पत्रा. मी म्हटलं, डोकं फिरलंय तुझं. आणि महिन्याभरात त्याच्यापेक्षा माझंच जास्त फिरलं. सुट्टीला जिथं वाटेल तिथं गाडी लावायची, आपल्या गादीवर झोपायचं, आपल्या पातेल्यात चहा करायचा. लॉजवरच्या चादरी तपासत अर्धी रात्र घालवायची नाही, हे माझ्यासाठी तर फारच मोठं सुख होतं.

खाली प्लाय टाकून फरशीचं काम नवऱ्यानं केलं, बरं केलं. अडलं ते भिंतींपाशी. पत्र्याच्या आतून उभ्या लाकडी पट्ट्या मारायच्या, मधे उष्णता अडवणारा फोम भरायचा आणि वरून पीव्हीसीचे लांब पॅनेल आडवे बसवायचे, एवढंच काम. सणसवाडीतला एक सुतार बघायला आला. त्यानं आत शिरून बाजूच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मैडम, इसमें सीधा तो कुछ है ही नहीं." त्यानंतर त्यानं माझा फोन कधीच उचलला नाही.

तेव्हा मला आप्पा आठवले. म्हणजे माझे वडील.

आमच्याकडं शेती आहे, कांदा आणि झेंडू होतो, पण आप्पांचा जीव शेतीत कधी रमलाच नाही. ते गवंडी. आमच्या भागातली कितीतरी घरं त्यांनी उभी केली. कामावर त्यांचा आवाज असा लागायचा की पलीकडच्या आळीतली बाई हातातला तांब्या खाली ठेवायची. हाताखालची माणसं शिव्या खात आणि तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्याच कामावर येत. मग तीन वर्षांपूर्वी शिडीवरून त्यांचा पाय घसरला. मोडलं-बिडलं काही नाही, पण माझा मोठा भाऊ घाबरला. दादा गावच्या सोसायटीत संचालक आहे, निर्णय घ्यायची त्याला सवय. त्यानं आप्पांची हत्यारं पोत्यात भरली आणि कांद्याच्या चाळीत ठेवून दिली. म्हणाला, लई केलं, आता निवांत बसा.

आप्पा बसले. आणि हळूहळू फार चांगले वागायला लागले. चहा गार मिळाला तरी बोलत नसत. भाजीत मीठ नसलं तरी जेवून उठत. आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, आता लई शांत झालेत. मला ती शांतता बघून धास्ती वाटायची.

मी गाडी घेऊन कासुर्डीला गेले आणि म्हटलं, आप्पा, भिंती तुम्ही करा. दादानं मला बाजूला घेतलं.

"त्यांना कामं सांगू नको गं. परत पडले म्हंजी?"

"गाडीत कुठून पडतील? हात वर केला की छताला टेकतोय."

"बरं. हे एक करू दे. पण यात काही कमीजास्त झालं तर ती हत्यारं मी भंगारात घालणार. मग तू परत इषय काढायचा न्हाई."

मी हो म्हणाले. मला वाटलं, कमीजास्त होतंय कशाला.

आमचं अंगण रस्त्याकडं उतरतं, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. मागच्या काँक्रीटच्या खळ्यावर कांदा पसरलेला, म्हणून मी गाडी अंगणातच लावली, तोंड रस्त्याकडं करून. आप्पांनी चाकांखाली दगड दिले, पोतं आणलं आणि त्यातून एकेक हत्यार काढून धोतरानं पुसलं. पट्ट्या मारताना त्यांनी ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे टोक बाहेरच्या पत्र्यातून पार जाणार नाही. हे मला सुचलं नसतं. मग त्यांनी पाणसळ काढली. गवंड्यांचं ते लाकडी साधन, मधे काचेची नळी, नळीत पाणी, पाण्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला की ओळ सरळ.

"जमिनीवर भरवसा ठेवायचा न्हाई," ते मला म्हणाले, "पाण्यावर ठेवायचा."

ज्या माणसानं जन्मभर घरं बांधली तो दुसरं काय करणार? पीव्हीसीचे पॅनेल एकमेकांच्या खाचेत अडकत जातात, त्यामुळं पहिला जसा बसेल तसेच वरचे सगळे. आप्पांनी पहिला पॅनेल पाणसळीवर बसवला. बुडबुडा अगदी मधोमध. पण खाली फरशी आणि पॅनेल यांच्यात फट राहिली, मागच्या टोकाला काहीच नाही आणि पुढं ड्रायव्हरच्या सीटकडं चांगली चार बोटं.

आप्पांनी फटीकडं पाहिलं, पाणसळीकडं पाहिलं आणि निकाल दिला. "गाडी वाकडी हाय."

"गाडी वाकडी कशी असंल, आप्पा?"

"कंपनीनंच वाकडी बनवलीया. तुझ्यासारखं कुणी न्हवतं का तिथं नाही म्हणाया?"

मी हसले. स्वतः पाणसळ लावून पाहिली आणि ओके दिलं. चौदा वर्षं गेज लावणाऱ्या बाईनं ओके दिलं! आप्पांनी फटीच्या मापाची एक निमुळती पट्टी कापून ती बुजवली. संध्याकाळपर्यंत दोन्ही भिंती झाल्या, पांढऱ्या, स्वच्छ. आई म्हणाली छान. दादासुद्धा डोकावून छान म्हणाला. आप्पांनी हत्यारं पोत्यात भरली नाहीत, ओसरीवरच ठेवली. ते बघून मला फार बरं वाटलं.

सोमवारी मी तीच गाडी घेऊन कामावर गेले. आमच्या कंपनीचं पार्किंग टेबलासारखं सपाट आहे. डबा खाताना मी हौसेनं सरकतं दार उघडून माझ्या लाइनवरच्या मुलींना भिंती दाखवल्या. एक बिहारची मुलगी आत डोकावली आणि मान तिरकी करून म्हणाली, "मैडम, ये सब ऊपर क्यों जा रहा है?"

पॅनेलच्या जोडांच्या सगळ्या रेघा पुढं वर चढत होत्या. दोन्ही भिंतींवर, एकीसारखी दुसरी, तंतोतंत. काम इतकं नेटकं होतं की चूकसुद्धा कुठं इकडची तिकडं झाली नव्हती. गाडी वाकडी नव्हती. आमचं अंगण उतरतं होतं, आणि आप्पांनी गाडीच्या भिंती गाडीला धरून न लावता पृथ्वीला धरून लावल्या होत्या. मला आधी हसू फुटलं, मुलीही हसल्या. मग दादाची अट आठवली आणि मी डबा बंद केला.

नवरा म्हणाला, "कपाटं लागली की झाकून जाईल. कोण बघतंय?" आईला फोन केला तर ती कळवळून म्हणाली, "त्यांना सांगू नगं बाई. लई खूश हायेत. रोज रंधा पुसून ठेवत्यात." दोघांचंही पटण्यासारखं होतं. तीन दिवस मी तेच करायचं ठरवत होते. कपाटांची मापंसुद्धा काढली.

पण मला गव्हाणीची गोष्ट माहीत होती. मागच्या वर्षी आप्पांनी कुणाला न विचारता गोठ्यातल्या गव्हाणीचा फुटलेला काठ बांधला होता. जरा ओबडधोबड झाला. सगळे छान म्हणाले. आणि चार दिवसांनी ते दवाखान्यात गेले असताना दादानं दुसरा गवंडी बोलावून तो काठ नीट करून घेतला. आप्पांनी परत आल्यावर पाहिला. त्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन बसले. मी तेव्हा तिथंच होते. शिव्या खाऊनही ज्यांच्या कामावर माणसं परत यायची, त्यांना आता लहान मुलाला म्हणावं तसं छान म्हटलं जात होतं. त्यांना ते कळत होतं. माझ्या लाइनवर ज्याचं काम मी तपासतसुद्धा नाही, तो माणूस एकतर शिकाऊ असतो नाहीतर सोडून चाललेला.

रविवारी मी गाडी थेट मागच्या खळ्यावर नेली. कांदा उचलला होता, आणि ते काँक्रीट आप्पांनीच ओतलेलं, म्हणजे सपाटीची शंका नको. घरातली सगळी बाहेर आली. मी दार सरकवलं आणि कामावर म्हणते त्याच आवाजात म्हणाले, "आप्पा, हे रिजेक्ट हाय. सगळं काढून परत बसवायचं."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. दादानं कपाळाला हात लावला. आप्पांनी पाणसळ आणली. पॅनेलवर धरली, बुडबुडा पळत पुढच्या टोकाला गेला. फरशीवर ठेवली, तो मधोमध उभा राहिला. त्यांनी अंगणाकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. पाणसळ गाडीतच ठेवून ते देवळाकडं निघून गेले.

"झालं समाधान?" दादा म्हणाला.

मी जेवायला बसले, पण भाकरी नुसती कुस्करत राहिले. मला खरंच वाटलं की मी माझ्या बापाला संपवलं, आणि तेही माझ्या नाही म्हणायच्या खोडीपायी.

आम्ही जेवत असतानाच मागून आवाज आला. पत्र्याच्या डब्यात स्क्रू पडल्याचा. एक, मग दुसरा, मग भराभर. आणि त्या पाठोपाठ, तीन वर्षांत घरात कुणी ऐकला नव्हता तो आवाज: "कुणी जित्तं हाय का न्हाई घरात? का मी एकट्यानंच ह्ये समदं उचकटायचं?"

मी खरकट्या हातानं पळाले.

आप्पा आत गुडघ्यावर बसून पॅनेल सोडवत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "घराखालची जमीन जागची हलत न्हाई. हिच्याखालची रोज निराळी. हिला पाणी काय कामाचं?" मग माझ्याकडं बघितलं. "आन् तू गं? मोठी क्वालिटीवाली. बुडबुडा बघून हो म्हणालीस! पगार कशाचा देत्यात तुला?"

मी खाली मान घालून ऐकून घेतलं. इतकं गोड बोलणं मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

या वेळी त्यांनी एक काठी मापून कापली. काठी फरशीवर उभी करायची, वरच्या टोकाशी खूण करायची, पुढं सरकायचं. सगळ्या खुणा फरशीपासून सारख्या उंचीवर आल्या. रेघ फरशीबरोबर गेली पाहिजे, मग गाडी घाटात उभी असो नाहीतर ओढ्यात. भिंती त्या दिवशी निम्म्या झाल्या आणि पुढच्या रविवारी सकाळी पुऱ्या झाल्या. राहिलं छत.

छताला प्लायचा पातळ तक्ता होता, लांबच लांब. छताच्या गोलाईला वाकवत तो वर दाबून धरायचा आणि कुणीतरी स्क्रू मारायचे. मी एक टोक धरलं. दुसऱ्या टोकाला माणूस हवा. दादा तेव्हाच पांढरेशुभ्र कपडे घालून मागच्या दारात आला होता, त्याच्याकडं सोसायटीची माणसं यायची होती.

"ए संचालक," आप्पांनी हाक मारली. "हिकडं ये. हात वर कर."

दादानं माझ्याकडं पाहिलं, कपड्यांकडं पाहिलं आणि आत शिरला. आप्पांनी चार स्क्रू मारले आणि ड्रिल घरघरत बंद पडलं. बॅटरी उतरली होती.

"हलायचं न्हाई," ते म्हणाले. "तक्ता सुटला तर स्क्रूपाशी चिरंल. मी चार्जिंगला लावून येतो." आणि गेले.

आम्ही दोघं हात वर करून उभे. दादाच्या केसांत फोमचा भुगा, कॉलरवर घामाचा काळा पट्टा. बाहेर मोटारसायकली थांबल्या. सोसायटीची माणसं आली होती. आईनं चहा आणल्याचा कपबश्यांचा आवाज आला, आणि खाट करकरली, म्हणजे आप्पाही त्यांच्यात बसले.

"माझे हात भरून आलेत," दादा कुजबुजला. "सांग की त्यांना."

"तू सांग."

बाहेर कुणीतरी विचारलं, "आप्पा, संचालक कुठं हायेत? सहीचं काम होतं."

आप्पांनी आधी बशीतला चहा भुरकला. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "आज न्हाई मोकळा त्यो. माझ्या कामावर हाय."

दादानं ऐकलं. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही. त्यानं पाय जरा फाकवले आणि तक्ता आणखी वर दाबून धरला.