फेस्टीचा होकार

जत्रेत मेंढ्यांचा सौदा करताना ज्याचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जायचा, त्या फेस्टीच्या तोंडात अर्धांगाच्या झटक्यानंतर एकच शब्द उरला. नको. चहा पुढे केला तरी नको म्हणायचा आणि चांगल्या हाताने कप ओढून घ्यायचा. आम्ही हसायचो. तोही हसायचा.

मुली बॉस्टनला गेलेल्या, घरात तो आणि त्याची बायको सोरखा. मी शेजारीण, तोंड आवरत नाही मला. जानेवारी लागताच तिला म्हटलं, "यंदा ब्रिजिदची संध्याकाळ राहू दे गं. बाहेरून तू हाक मारशील, आतून कोण उत्तर देणार?"

"बेचाळीस वर्षं देतोय तोच देईल. तू तुझी गाय बघ, नॅपला."

त्या संध्याकाळी संत ब्रिजिद लव्हाळ्यांच्या रूपाने उंबरा ओलांडून आली की घरातलं दुखणं बाहेर पडतं, असं आम्ही मानतो. फेस्टीची वाचा तीच परत देईल, ही एकच आशा सोरखाला होती. महिनाभर तिने त्याला आतून द्यायचं उत्तर घोकवलं, "म्हण, ये माय, घर तुझंच आहे." तो घामाघूम व्हायचा. एकदा "ये" निघालं, असं ती शपथेवर सांगायची. मी काही ऐकलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी ती संध्याकाळ आली. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे वसंत, पण पाऊस हाडं गोठवणारा. आत लोण्यात घोटलेले बटाटे तयार होते. सोरखा कवेत लव्हाळे घेऊन लोटलेल्या दाराबाहेर उभी राहिली.

"गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिदला आत घ्या."

"नको," आतून आलं.

तिने पुन्हा म्हटलं. आत खुर्ची करकरली, काहीतरी पडलं. "नको."

मला राहवेना. "मी म्हणू का?"

"परक्या तोंडचं चालत नाही. ठाऊक आहे तुला."

ठाऊक होतं, म्हणून तर चीड आली. "अगं, संत आहे ना ती? तो ये म्हणतोय, एवढं कळत नाही होय तिला?"

"मलाही कळतं," सोरखा म्हणाली. "पण बोल तो बोल."

तिसऱ्यांदा तिने अगदी हळू म्हटलं. मग फेस्टी जत्रेतल्या आवाजात ओरडला, "नको, नको, नको."

नाकारलेलं आत नेता येत नाही, आणि संत जिथून परतली त्या दाराने त्या रात्री कुणी आत जात नाही. तिने लव्हाळे पायरीवर ठेवले आणि रिकाम्या हातांनी घराला लागून असलेल्या गोठ्याच्या दाराने आत गेली. मला फार वाईट वाटलं, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.

मी खिडकीतून पाहिलं. फेस्टी खुर्चीत नव्हता. दाराकडे तोंड करून तो जमिनीवर होता, गुडघे टेकलेले, डोळे सताड उघडे. सांगितलेलं सगळं त्याने केलं होतं.

सोरखाला एकटीला तो उचलवेना, म्हणून मी आत गेले. मीही गोठ्याच्याच दाराने.