मुलुंडचा गळका बंब

बाळ्या, शालू, मी सासरी निघाले त्या दिवशी तुम्ही दोघं भावंडं विजयदुर्गच्या धक्क्यावर उभे होतात. बोटीपर्यंत नेणारा पडाव हलला तशी शालू तू रडायला लागलीस आणि तुझं बघून मी. आई मात्र रडली नाही. पावसाआधीच्या शेवटच्या बोटींपैकी ती एक, पुढे नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. माझा पदर सारखा करत आई एवढंच म्हणाली, "रडतंस कित्याक गो? दिवाळी काय, आलीच." त्या एका वाक्याच्या जिवावर मी मुंबईपर्यंत आले. बोट लागून आतडी पिळवटून निघत होती, तरी मनात घोकत होते की पहिला दिवाळसण, म्हणजे घरी जायचंच.

मुलुंड तेव्हा ना धड मुंबई, ना धड गाव. तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या. यांना ऑफिसातल्या मित्रांपुढे अभिमानाने 'ब्लॉक' म्हणताना मी ऐकलंय. मागच्या बाजूला गवताचं रान आणि त्यापलीकडे डोंगर. घरात माणसं तीन: हे, सासूबाई आणि मी. आणि चौथा बंब.

आपल्याकडे न्हाणीत चुलाण्यावर भाण असायचं. उघडं, पाणी डोळ्यांना दिसायचं, कमी झालं की कुणीही येता-जाता कळशी ओतायचं. बंब मी सासरी पहिल्यांदा पाहिला. कमरेएवढा उंच, तांब्याचा, पोटातून एक नळी वर गेलेली. त्या नळीत विस्तव, भोवती पाणी, बाजूला तोटी. आत किती पाणी आहे ते झाकण काढल्याशिवाय कळायचं नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आधी पाणी, मग विस्तव. आणि एक तांब्या काढलास की एक घालायचा. कोरडा पडला तर जोड वितळतात."

बंब त्यांच्या वडिलांनी नाशिकहून आंदण दिलेला. आणि तो गळायचा. नळी जिथे बुडाला जोडली होती तिथून थेंब-थेंब पाणी विस्तवावर पडायचं, चर्र व्हायचं आणि मोरीभर धूर कोंडायचा. मी फुंकणीने फुंकून डोळे लाल करून घ्यायची. विस्तव पेटला की पाणी कमी झालेलं, पाणी घातलं की विस्तव विझलेला. बरं, हे आंघोळ करून ऑफिसला गेले की सुटले, असंही नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांना दिवसभर शेक लागायचा. माझा दिवस मोरीच्या उंबऱ्यावर सुरू व्हायचा आणि तिथेच मावळायचा. समोरचा रस्ता स्टेशनकडे जातो हे मला ऐकून माहीत होतं.

आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर वत्सला राहायची. ती देवगडची, माझ्यासारखीच बोटीने आलेली, पण चार वर्षांत पक्की मुंबईकर झालेली. गॅलरीतून वाकून ओरडायची, "काय गं, लग्न नवऱ्याशी लावलंस की बंबाशी? तांबटाकडे टाक ना तो! कथलाचा झकास डाग देऊन जोड बुजवून देईल."

तिच्याच सांगण्यावरून मी गूळ आणि चुना मळून भेगेत भरला. दोन दिवस बंब शहाण्यासारखा वागला, तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. सासूबाईंकडे तांबटाचा विषय काढला की त्या म्हणायच्या, "माझ्या बाबांच्या वस्तूला परक्या माणसाचा हात नको." यांना सांगितलं तर हे चपला घालता घालता म्हणायचे, "आई म्हणते तसं कर ना." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

आणि बाळ्या, तू मला दिवाळीला न्यायला मुराळी म्हणून आलास. डोक्यावर नारळाचं पोतं, अंगात नवा सदरा. तुला दारात बघून मी अर्धी ट्रंक मनातल्या मनात भरली. सासूबाईंनी तुला चहा दिला, पोहे दिले, आईची चौकशी केली, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "हिला नेलंत तर बंबाजवळ कोण बसणार? माझे गुडघे हे असे. पुढच्या वर्षी न्या हो."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी यांच्याकडे. हे वर्तमानपत्राकडे. तू नारळ ठेवून एकटाच परत गेलास, आणि मी मोरीत जाऊन बसले. धुराने डोळ्यांत पाणी येतं हे तेवढं बरं असतं. आई धक्क्यावर येऊन उभी राहील आणि पडावातून तू एकटाच उतरशील, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी यांच्या घरी पाणी भरायची रीत होती. बंब चिंचेने घासून लखलखीत करायचा, भोवती रांगोळी, गळ्यात झेंडूची माळ, काठोकाठ पाणी आणि हळद-कुंकू वाहून झाकण. ते झाकण पहाटे अभ्यंगापर्यंत उघडायचं नाही. मी म्हटलं, "सासूबाई, सकाळपर्यंत हे पाणी राहायचं नाही."

"पूजलेल्या पाण्यात पुन्हा हात घालत नाहीत," त्या म्हणाल्या.

पहाटे त्याच माझ्याआधी उठल्या. सणाचा विस्तव घरच्या मोठ्या बाईने पेटवायचा. पाणी काल भरलंय, पूजलंय, मग बघायचं कशाला? मला जाग आली ती करपट वासाने. धावत जाऊन पाहते तो जोडाचा डाग वितळून टपटप खाली पडतोय, नळी कलली आहे, बूड सुटलंय आणि झेंडूच्या माळेने पेट घेतलाय. मी बादली ओतली. बाहेर पोरांचे फटाके वाजत होते आणि आमच्या मोरीत राखेचा चिखल.

सासूबाई पाटावर मटकन बसल्या. मला वाटलं, आता वडिलांचं नाव घेऊन रडतील. पण त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता तू जाशील."

"म्हणजे?"

"नीट झाला की तू जाशील, म्हणून तर तांबटाला दाखवत नव्हते गं. गळत होता तोवर तू घरात होतीस. तुझे सासरे गेल्यावर तुझ्या नवऱ्याने मला नाशिकहून उचलून इथे आणलं. तू यायच्या आधीची दोन वर्षं... दुपारी या भिंती अंगावर येतात. बोलायला कावळासुद्धा नाही."

तुम्हाला खरं सांगते, मला दया आली नाही. संताप आला. एका म्हातारीला दुपारी सोबत हवी म्हणून माझी पहिली दिवाळी गेली, माझा भाऊ हात हलवत परत गेला. मी उठले. स्टोव्हवर पातेल्यात पाणी तापवलं. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि माझ्या डोक्याला तेल लावायला घेतलं. दुखऱ्या बोटांनी, हळूहळू, आई लावते तसंच. त्या हातांखाली मी हमसून हमसून रडले आणि त्या तेल जिरवत राहिल्या.

दिवाळी झाल्यावर बंब ठाण्याच्या तांबटाकडे गेला आणि धडधाकट होऊन आला. थेंब गळेना. सासूबाईंनी स्वतः माझी ट्रंक काढली. "जा. महिनाभर राहा." ओळखीच्या एका कुटुंबाच्या सोबतीने यांनी मला बोटीत बसवलं.

पुढचं तुम्ही पाहिलंत, पण त्याचं कारण तुम्हाला कधी कळलं नाही. आईने घावने केले, खापरोळ्या केल्या, मला हात लावू दिला नाही कशाला. पहिले दिवस मी नुसती झोपले. मग दुपारी पडवीत बसले की वाटायचं, आता तिकडे शेकाचं पाणी कोण काढत असेल? कळशी उचलवते का त्यांना? बोलत कुणाशी असतील? ज्या बाईने मला कोंडून ठेवलं तिच्या काळजीने मी अर्ध्या ताटावरून उठायला लागले. मी स्वतःवर चिडायची आणि पुन्हा तेच. महिना अर्धाही झाला नव्हता, तेव्हा मी बाबांना विचारलं, पुढची बोट कधी आहे?

आई भात काढत होती. तिचा हात थांबला. "घराची आठवण येता तुका?" तिने विचारलं.

आपल्या घरात बसून, आपल्या आईच्या हातचं जेवताना, मी "हो" म्हणाले. आईने भात वाढला, मग आमटी वाढली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "मग जा बाय. तुझी माणसां वाट बघत असतील."