एका आठवड्याची टिक

हे मी बोलून कुणालाच सांगू शकले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. चार माणसांत माझी जीभ अडते — पण एकटी असताना तरी कुठे सुटली? म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, अक्षर वेडंवाकडं आहे. तुम्ही समजून वाचाल.

चोपड्याजवळच्या एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये मी खोकी भरायचे. फण्या तुरटीच्या पाण्यातून काढायच्या, पुसायच्या, नख न लागू देता खोक्यात बसवायच्या. प्रत्येकीच्या नंबराच्या स्टिकरचा रोल असतो. खोकं भरलं की आपला नंबर चिकटवायचा. हे काम मला शिकवलं शांताक्कानं. पहिल्या दिवशी माझी नखं बघून तिनंच मला पाटावर बसवून ती कापली होती.

ऑफिसात भिंतीवर मोठा टीव्ही होता. कोल्ड स्टोरेजमध्ये ओरखड्याचं खोकं सापडलं की तो नंबर कॉम्प्युटरमध्ये जायचा आणि टीव्हीवर त्या नंबराची लाल पट्टी लांब व्हायची. बाजूला आठवड्यांची यादी, प्रत्येकापुढे छोटा चौकोन. चौकोनातली टिक काढली की तो आठवडा पट्ट्यांतून गळायचा. ऑफिसातली वैशाली त्याला फिल्टर म्हणायची. मी तिथं झाडायला जायचे, बघून बघून मलाही यायला लागलं. बायका चिडवायच्या, "या, चौथी पास साहेबीण!" मला आवडायचं ते. खोटं कशाला बोलू?

आता त्या आठवड्याचं सांगते. आबांच्या — म्हणजे शांताक्काच्या नवऱ्याच्या — डोळ्याचं ऑपरेशन जळगावला होतं. तीन दिवस अक्का दुपारीच निघून जायची. हजेरी जाऊ नये म्हणून आमच्याकडे एक रीत होती. जाणारीचा रोल शेजारणीनं ठेवायचा आणि तिच्याही नंबरची खोकी भरायची. ऑफिसला कुणी कळवत नसे. मी अक्काचा रोल घेतला. सकाळी माझ्या नंबरची खोकी नीट भरली. दुपारी तिच्या नंबरची भरली — भराभर, दाबून, कशीबशी. नखंही वाढली होती. माझ्या नावावर थोडंच जाणार होतं? असं मनात आलं होतं. हो, तेव्हाच आलं होतं.

हंगाम उतरला. एक टेबल बंद होणार, जिची लाल पट्टी सगळ्यांत लांब त्या बाईला कमी करणार, असं ठरलं. वैशाली तिच्या साखरपुड्याला गेलेली. मॅनेजर दिनकरभाऊ मला म्हणाले, "तुला येतं ना गं? चहा झाला की सगळ्यांसमोर लाव. अख्ख्या हंगामाचं."

मी आधी जाऊन एकटीनं लावून पाहिलं. सगळे आठवडे. सगळ्यांत लांब पट्टी माझी होती.

मग एकेक टिक काढत गेले. मी बघत होते, माझी पट्टी केव्हा आखूड होते. शेवटी एकाच आठवड्याची टिक राहिली — तोच आठवडा. माझी पट्टी बोटभर. अक्काची टीव्हीच्या कडेपर्यंत.

सगळ्या जमल्या. दिनकरभाऊंनी विचारलं, "हे अख्ख्या हंगामाचं ना?"

मी मान हलवली. एवढंच केलं. माझ्यासारख्या न बोलणारीला खोटं किती सोपं असतं, नाही का?

अक्का टीव्हीकडे बघत राहिली. "हाई बठ्ठं मनंच शे का?" हे सगळं माझंच का, असं तिनं मलाच विचारलं, कारण तिला वाचता येत नव्हतं. मी पुन्हा मान हलवली. रोल माझ्याकडे होता, हे ती चारचौघींत बोलू शकली असती. बोलली नाही. माझं नाव यायला नको म्हणून गप्प राहिली, की तिच्या ध्यानातच आलं नाही? मी कधी विचारलं नाही. तिलाच कमी केलं. जाताना स्वतःचे तळवे बघत म्हणाली, "आते मना हात थकनात व बहीण."

मी तिथं पुढे दोन हंगाम काढले.

अक्का आता पिंप्राळ्याला मुलाकडे असते. गेल्या महिन्यात नशिराबादला एका लग्नात भेटली. भाजी चिरायला बायका बसल्या होत्या. कुणीतरी तिच्यापुढे विळी सरकवली. तिनं ती परत लोटली. हसत म्हणाली, "मला नका देऊ. माझ्या हातानं माल खराब होतो. पॅकहाऊसमधून त्यापायीच काढलं मला." सगळ्या हसल्या. पुढे आमटी ढवळायलाही ती उठली नाही. हात पदराखाली घेऊन बसून राहिली.

ज्या हातांनी मला फणी धरायला शिकवलं, ते हात. मी तिच्या शेजारीच होते. वांगी चिरत होते. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? ओळखीच्या बायका होत्या, दिनकरभाऊ नव्हते, नोकरी नव्हती. काही जाणार नव्हतं माझं. मी खाली मान घालून चिरत राहिले आणि तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवून विचारलं, "बरी शे ना?"

मी मान हलवली.

तिच्या हातांत काही खोट नव्हती. ती खोकी मी भरली होती. तो आठवडा मी निवडला होता.