सोहार टोन्सचा खर्ज

"वहिनी, तुम्ही ऐकू आलात."

दुसरीकडे कुठे गाणाऱ्या बाईला असं म्हटलं तर ती खूश होईल. आमच्याकडे ही तक्रार होती. डोळे किलकिले करून, हाताची चिमूट हवेत धरून भावजी हे म्हणत आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. चौघं गात असताना एकटं कुणी ऐकू येता कामा नये, हा त्यांचा नियम. चार आवाज मिळून एकच आवाज व्हायला हवा आणि तो कुणाचा, हे समोरच्याला सांगता येऊ नये.

नियम त्यांना स्वतःलाही लागू होता. गाणं संपलं की विचारत, "मी ऐकू आलो का वो?" आम्ही हो म्हटलं तर त्यांना खरंच वाईट वाटे.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझ्या नवऱ्याचे ते सहकारी, म्हणून मला भावजी. ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका पाइपच्या कारखान्यात ते इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते. गाव गुहागरच्या बाजूचं. मी समोरच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळत होते. एक दिवस चुकीचा माल घेऊन आलेल्या ट्रक ड्रायव्हरला मी गेटवर झाडत होते. भावजी पलीकडच्या फुटपाथवर उभं राहून ऐकत होते. त्याच आठवड्यात ते घरी आले आणि नवऱ्याला म्हणाले, "वहिनींचा आवाज मला पाहिजे." माझा आवाज मुळात जाड. फोनवर व्यापारी मला 'सर' म्हणतात. त्या आवाजाचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी करत होतं, म्हणून मी हो म्हटलं. दुसरं काही कारण नव्हतं.

गाण्याचा हा प्रकार त्यांना भेटला मस्कतमध्ये. तरुणपणी ते तिथल्या एका मोठ्या हॉटेलात इलेक्ट्रिशियन होते. दर हिवाळ्यात अमेरिकेहून चार म्हातारे कृष्णवर्णीय गायक यायचे. एकसारखे कोट, एकसारखे बूट, चुटक्या वाजवत एकत्र वळायचं आणि एका गळ्यातून निघाल्यासारखं गायचं. भावजींचं काम स्टेजच्या मागे, वायरींपाशी. तिथून त्यांना गायकांच्या पाठी दिसायच्या. त्यातला खर्ज लावणारा म्हातारा कार्यक्रमाआधी माइक तपासताना त्यांना शेजारी उभं करून गुणगुणायला लावायचा. आपल्या छातीवर त्यांचा हात ठेवून आवाज कुठून येतो ते दाखवायचा. त्या चौघांमध्ये सुरुवातीपासूनचा तो एकटाच उरला होता. बाकीचे मेले, भांडून गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. गटाचं नाव मात्र तेच. भावजी हे फार अभिमानाने सांगत. या गाण्याला रिदम अँड ब्लूज म्हणतात, थोडक्यात आर अँड बी, असं त्यांनी सांगितल्यावर माझ्या नवऱ्याने विचारलं होतं, "म्हणजे आपल्याकडे रस्ते बांधणारं बी अँड सी खातं असतं, तसं काही?"

तर आमचा गट झाला सोहार टोन्स. खर्ज भावजींचा. मधला आवाज फणसे नावाच्या अकाउंटंटचा. त्याच्यावर माझा. आणि सगळ्यांत वर सुधाकर. हा सहम या जवळच्या गावात एसी दुरुस्त करायचा, मूळ चिपळूणजवळचा. बोलताना साधा माणूस, पण गाताना त्याचा आवाज असा अलगद वर जाई की आम्ही तिघं खाली आहोत याचं बरं वाटे. गाणी मराठी, चाली भावजींच्या. शब्दही त्यांचेच असत आणि ते फार वाईट असत. 'विरह' हा शब्द आला की फणसे खोडायचा.

तालीम शुक्रवारी सकाळी भावजींच्या फ्लॅटवर. उन्हाळ्यात सुधाकरला सुट्टी नसे. सगळ्या बातिना किनाऱ्यावरचे एसी त्याच काळात बंद पडत. मग भावजींनी एक पद्धत काढली. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने यायचं, कानात बाकीच्यांचे आवाज ऐकत आपला भाग एकट्याने गायचा, आणि भावजी ते रेकॉर्ड करणार. मग तिघांचं गाणं करून चौथ्याला घरी सरावाला द्यायचं. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, खिडकी बंद, आणि आवाज येतो म्हणून एसीही बंद. जूनमध्ये. सुधाकर घाम निथळत बाहेर यायचा आणि म्हणायचा, "एसीवाला मी, आणि माझी सगळी कीर्ती एसी बंद करून."

अशाच एका दुपारी एका गाण्यात मी दुसऱ्या कडव्याला घाई केली. बाकीचे श्वास घेत होते आणि मी आत शिरले होते. भावजी म्हणाले, पुन्हा घेऊ. मी म्हटलं, मला चक्कर येतेय, सरावापुरतंच तर आहे. ते तसंच राहिलं.

वर्षं गेली. मंडळाचा गणपती, केरळी लोकांचा ओणम, कुणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग. फणसेला एकट्याने कडवं गायचं होतं, म्हणून तो रुसून वर्षभर आला नाही. मग एका शुक्रवारी डबा घेऊन आला आणि आपल्या जागेवर उभा राहिला. कुणी काही विचारलं नाही. भावजींना मधुमेह झाला, गुडघे गेले, तसं आमचं गोल वळणं अर्ध्यावर आलं. पण दर शुक्रवारी ते दार उघडून उभे असत. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते इस्पितळात पेज घेऊन आले, सोबत फणसे आणि सुधाकरही. पडदा ओढून तिघांनी इतक्या हळू आवाजात गाणं म्हटलं की पलीकडच्या पेशंटला कळलंही नसेल. माझ्या भागाची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. मी रडणारी बाई नाही. त्या दिवशी टाक्यांमुळे रडता येत नव्हतं, एवढंच.

म्हणून पुढचं मला जास्त लागलं.

भावजींनी बातमी आणली, की मस्कतच्या त्याच हॉटेलात हिवाळ्यात सोहार टोन्सचा कार्यक्रम ठरला आहे. सलग काही संध्याकाळी. आम्ही मोहरी रंगाचे कोट शिवायला टाकले. मला तो रंग काविळीसारखा दिसतो असं मी सांगून पाहिलं.

सुधाकरची कंपनी तेव्हा गाशा गुंडाळत होती. त्याला कायमचं घरी जायचं होतं. त्याने अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या मागे लागून जाणं पुढे ढकललं आणि बायको आणि मुलीला व्हिजिट व्हिसावर बोलावलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला गाताना ऐकलं नव्हतं. मुलीला एवढंच ठाऊक, की बाबा तिकडे फिल्टर धुतात. सुधाकर मला म्हणाला होता, "वहिनी, एकदा ऐकू दे त्यांना. मग मी खुशाल चिपळूणला दुकान टाकतो."

त्या दोघी आल्या आणि आठवड्याच्या आत भावजी सगळ्यांना घरी बोलावून म्हणाले, "खलास. हॉटेलवाल्यांनी रद्द केलं." चहा झाला. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, कितवीत आहेस विचारलं. मुलगी म्हणाली, "बाबा, इथेच म्हणून दाखवा ना."

बोलावूनही फणसे आलेला नव्हता, आणि भावजी घसा बसलाय म्हणाले. सुधाकरने आपला भाग एकट्याने म्हटला. तुम्ही कधी अशा गाण्यातला एकच भाग वेगळा ऐकला आहे का? त्याला ना चाल असते ना शब्द. नुसतं ऊ, मग थांबणं, मग आ, मग पुन्हा थांबणं. मुलगी हसायला लागली. तिची चूक नव्हती. सुधाकरही हसला आणि म्हणाला, "एवढंच असतं माझं." भावजी समोर बसून हे बघत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला कामासाठी मस्कतजवळच्या रुसैलला जावं लागलं. दोन दिवसांचं काम होतं. तिथल्या पुरवठादाराने पहिल्या संध्याकाळी आम्हा चार-पाच ग्राहकांना जेवायला नेलं, नेमकं त्याच हॉटेलात. आत स्टेजवर पाटी होती, सोहार टोन्स.

मोहरी रंगाच्या कोटातले तीन तरुण चेहरे, दोन मुलगे आणि एक मुलगी. चौथे भावजी, केस रंगवलेले. माझा पहिला विचार असा, की यांनी नवीन मुलं तयार केली, आणि आपल्याला सांगायला संकोच वाटला असेल. वाईट वाटलं, पण समजण्यासारखं होतं. मुलं गातही छान होती.

मग दुसरं कडवं आलं. सगळे श्वास घेत होते आणि एक जाड बायकी आवाज घाईने आत शिरला. स्टेजवरच्या मुलीने तोंड उघडलं ते त्यानंतर, अगदी बरोबर वेळेवर.

शेजारचा गृहस्थ मला सूप थंड होतंय असं सांगत होता.

कार्यक्रम झाल्यावर मी मागे गेले. भावजी खुर्चीवर बसून गुडघा चोळत होते. मला बघून उठले नाहीत.

"सरावाचं रेकॉर्डिंग. तो वरचा सुधाकर आहे," मी म्हटलं.

"हो."

"आणि मी."

"तुम्ही पण. फणसे पण. सगळे आहेत, वहिनी. कुणाला काढलं नाही मी."

ते हे मनापासून म्हणाले. मला राग आला तो त्याचाच. हॉटेलने आमचा फोटो मागवला होता, आणि मग कळवलं होतं, की गाणं आवडलं, माणसं तरुण हवीत. एक टक्कल, एक गुडघ्याचा पट्टा, आणि मी मुख्याध्यापिकेसारखी. भावजींना त्या स्टेजच्या मागे काढलेले दिवस आठवले. एकदा पुढे उभं राहायचं होतं. ते आढेवेढे न घेता सांगत होते. त्या अमेरिकन म्हाताऱ्याच्या गटातही माणसं बदललीच की, गट राहिला, असंही म्हणाले.

"त्यांची जी माणसं बदलली, त्यांचे आवाजही बदलले," मी म्हटलं. "आणि सुधाकरची बायको, मुलगी सहमला बसून आहेत, भावजी."

"म्हणून तर रद्द झालं म्हणालो. खरं कळलं असतं तर त्याला जास्त लागलं असतं."

"ते त्याचं त्याला ठरवू द्यायचं होतं. आज फोन करून सांगा."

"सांगतो. इन्शाल्ला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुधाकरला फोन केला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, कारण अशा गोष्टी गुळात घालून सांगितल्या की दोनदा सांगाव्या लागतात. त्याने विचारलं, "शेवटी वर चढतं, ते पण आहे? माझंच?"

"तुझंच."

"मग येतो आम्ही."

मी पुरवठादाराकडून टेबल मिळवलं. संध्याकाळी ते तिघं सहमहून आले. सुधाकरने आपला कोट घातला होता. इस्त्री केलेला, मोहरी रंगाचा. दारातल्या वेटरला वाटलं हा गायकांपैकीच आहे, त्याने त्याला स्टेजच्या मागची वाट दाखवली.

"नाय," सुधाकर म्हणाला, "मी ऐकायला आलोय."

आम्ही पुढेच बसलो. गाणं सुरू झालं. सुधाकरची मुलगी बापाच्या जागी उभ्या असलेल्या तरुणाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिला सांगितलं होतं तरी तिचा गोंधळ होत होता. कुणाचाही झाला असता. सुधाकर तिच्याकडे वाकला.

"त्याच्याकडे नको बघू. डोळे मीट."

तिने मिटले. त्याच्या बायकोनेही मिटले. शेवटाला तो आवाज वर चढू लागला, तशी मुलीने न बघताच बापाची बाही धरली. या वेळी ती हसली नाही.

मी डोळे उघडे ठेवले होते. भावजींना आता आम्ही दिसलो होतो. आधी मी, मग तो कोट, मग डोळे मिटून बसलेली मुलगी. तिच्याकडे बघता बघता त्यांचं तोंड मिटलं. चुटकी थांबली. त्या तीन तरुणांचे ओठ हलत होते, ते मधोमध तोंड मिटून उभे होते, आणि त्यांचा खर्ज, खोल, घोटीव, एका सुरालाही न चुकता, चालूच होता.